केडगावची पाटी

दिवाळी सरली की आमच्या पूर्णा स्टेशनवरची गर्दी बदलते. माहेरपणाला आलेल्या लेकी फराळाचे डबे घेऊन परत निघालेल्या असतात. त्यांच्या शेजारीच फलाटावर गाठोडी, पत्र्याची पेटी, तवा-पातेली भरलेलं पोतं घेऊन कामाला निघालेली कुटुंबं बसलेली असतात. ऊसतोडीला जाणारी माणसं बहुतेक ट्रकने, ट्रॅक्टरने जातात. पुण्याकडे बांधकामावर जाणारी मात्र रेल्वेने. दोन्हीकडे कडेवर, मांडीवर लेकरं असतातच. फरक इतकाच, की एकीकडची लेकरं सुट्टी संपवून शाळेत चाललेली असतात आणि दुसरीकडची शाळा सोडून.

भावाची सहा वर्षांची मुलगी सुट्टीला आमच्याकडे आली होती. तिला पुण्याला पोचवायला मी निघाले होते. जागा राखीव होती, खिडकी आमच्याच वाट्याला आलेली. गाडी थांबलेली असतानाच पोरीला भूक लागली, म्हणून मी डबा उघडला. धपाटे, दही, वर दोन चकल्या. तिने पहिला घास घेतला आणि हात थांबला. खिडकीच्या बाहेर तिच्याच वयाची एक मुलगी उभी होती. कडेवर वर्षाचं बाळ. ती आमच्याकडे बघत नव्हती, डब्याकडे बघत होती.

खरं सांगते मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकांमधून गरिबीवर मी तासभर बोलू शकते. पण त्या क्षणी मी काय केलं? पोरीला म्हटलं, खा तू मुकाट्याने, आणि खिडकीची झडप खाली ओढली. गाडी हलली. मग सुरू झाले प्रश्न. आत्या, ती कुठे चालली होती? तिची शाळा सुरू नाही झाली का? ते बाळ तिचं होतं का? मी काहीबाही उत्तरं दिली आणि तिला झोपवलं. मला मात्र झोप लागली नाही.

पहाटे दौंड गेलं. पोरगी मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. उजाडता उजाडता खिडकीतून एक पाटी मागे गेली, केडगाव. आणि पंडिता रमाबाईंची आठवण झाली. बी.ए.ला असताना त्यांच्यावर वाचलं होतं, नंतरही वाचत गेले. पण त्यांचं सगळं आयुष्य म्हणजे लेकराला बरोबर घेऊन केलेला प्रवास आहे, हे मला त्या पहाटे पहिल्यांदा जाणवलं. आधी त्या स्वतः ते लेकरू होत्या, मग त्यांच्या कडेवर लेकरू होतं, आणि शेवटी तर शेकडो लेकरं.

गोष्ट सुरू होते ती आपल्या गोदावरीच्या काठी, रमाबाईंच्या जन्माच्याही आधी. एक गरीब ब्राह्मण बायको आणि दोन लहान मुलींना घेऊन तीर्थयात्रेला निघाला होता. नदीवर स्नानाला आलेल्या एका शास्त्रीबुवांशी त्याची ओळख झाली. कुळ-गोत्र विचारलं, बायको वारलेली आहे हे कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊन टाकली. शास्त्रीबुवा चाळिशी ओलांडलेले. मुलीला घेऊन ते शेकडो मैल दूर आपल्या मुलखाला गेले. ते होते अनंतशास्त्री डोंगरे आणि ती नऊ वर्षांची मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई.

आज वाचताना अंगावर काटा येतो. पण या अनंतशास्त्रींनी त्या काळात कुणी करत नव्हतं ते केलं. बायकोला संस्कृत शिकवायला बसवलं. शास्त्री-पंडितांनी त्यांना जाब विचारला, तरी ते मागे हटले नाहीत. पुढे आजच्या कर्नाटकात, पश्चिम घाटातल्या गंगामूळ नावाच्या जागी, रानात घर बांधून राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आल्यागेल्याला जेवू घालण्यात आणि दानधर्मात होतं नव्हतं ते संपलं. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने घर सोडलं. तान्ह्या रमाला एका वेताच्या पेटीत घालून डोंगर उतरवला. पुढची सोळा वर्षं या मुलीला घर असं नव्हतंच.

देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं, लोक पुढ्यात ठेवतील त्या धान्यावर, पैशांवर राहायचं, आणि मग पुढचं तीर्थ. लक्ष्मीबाई उजाडायच्या आधी लेकीला उठवून शिकवायच्या. ना पाटी, ना पुस्तक, सगळं तोंडपाठ. या फिरस्तीत रमेला भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले. थोरली बहीण कृष्णाबाई हिचं लग्न लहानपणी लावलं होतं आणि ते फसलं. म्हणून रमेच्या लग्नाची घाई वडिलांनी केली नाही. त्या काळच्या मुलीच्या दृष्टीने हे केवढं भाग्य! गावोगाव लोक या कुटुंबाच्या पाया पडायचे. डोक्यावर छप्पर नाही, पण मान मोठा.

१८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळाने हा मानही उपाशी पाडला. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत जे लिहिलं आहे, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हाताशी पैसा होता तेव्हा घरच्यांनी तो पुण्य मिळावं म्हणून ब्राह्मणांना आणि तीर्थक्षेत्री वाटून टाकला. तो संपल्यावर मोलमजुरी करायची तर कुळाचा अभिमान आडवा आला, भीक मागायची तर लाज आडवी आली. हाताचं एकही काम कुणाला शिकवलेलं नव्हतं. दागिने, भांडी, पांघरुणं विकून झाली. मग रानातली बोरं-फळं बियांसकट, सालासकट गिळली. झाडपाल्यावर दिवस काढले.

आधी वडील गेले. पाठोपाठ आई अंथरुणाला खिळली. भुकेने आणि तापाने ती खायला मागत होती. रमा शेजारच्या घरी गेली. सोळा वर्षांची पोर, हजारो श्लोक पाठ असलेली, पण भाकरीचा तुकडा द्या हे शब्द तिच्या तोंडून फुटेनात. त्या बाईने मुलीच्या डोळ्यांतलं पाणी बघून ओळखलं आणि भाकरी हातावर ठेवली. रमा ती घेऊन आली, तेव्हा आईच्या घशाखाली घास उतरण्याची वेळ निघून गेली होती. तिरडीला खांदा द्यायलाही माणसं मिळेनात. कशीबशी दोघं तयार झाली, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. उंची कमी पडली म्हणून तिने तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं. थोड्याच काळात बहीणही पटकीने गेली.

उरली ती भावंडं हजारो मैल पायी चालली, पार पंजाब-काश्मीरपर्यंत. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली, आणि चित्र एकदम पालटलं. या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिथले पंडित थक्क झाले. तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वाळूत झोपणारी मुलगी मोठमोठ्या वाड्यांत पाहुणी म्हणून जाऊ लागली. नशिबाच्या दोन्ही बाजू वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पाहून झालेलं माणूस विरळाच.

१८८० मध्ये श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते शूद्र मानल्या गेलेल्या जातीतले, त्यामुळे गदारोळ झाला. सिलचरला संसार थाटला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

विधवा, जातीबाहेर लग्न केलेली, माहेर-सासर काही नाही, कडेवर तान्ही मुलगी. अशा अवस्थेत आपण काय केलं असतं? रमाबाई पुण्याला आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे मुलींसाठी शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाच्या पैशांतून बोटीचं भाडं जमलं आणि एप्रिल १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. बरोबर आनंदीबाई भगत होत्या. त्यांनी त्याच वर्षी तिकडेच आपलं जीवन संपवलं. परक्या मुलखात रमाबाई आणि लेक दोघीच राहिल्या.

वाँटेज गावी सिस्टरांच्या आश्रमात त्या राहिल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहिलं. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. लंडनजवळ फुलहॅम इथे सिस्टरांनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने वाईट ठरवून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत होते. आपल्याकडे अशा बाईला दार बंद, इथे दार उघडतं, हे त्यांच्या मनात खोल गेलं. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

हा निर्णय इकडे अनेकांना रुचला नाही. पुढे कितीतरी वर्षं आपल्या घरांतून त्यांचं नाव फारसं निघत नसे, त्याचं कारण हेच. मी स्वतः देवपूजा करणारी बाई आहे. त्यांचा धर्म तो त्यांचा. पण त्या निर्णयाकडे नेणाऱ्या रस्त्यावर भाकरीचा एक तुकडा होता, तो वेळेवर कुणी दिला नव्हता, हे मला विसरता येत नाही.

१८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई मनोरमेला घेऊन फिलाडेल्फियाला गेल्या. ११ मार्च १८८६ हा तो दिवस. रमाबाई मग अमेरिकेतच राहिल्या आणि गावोगाव भाषणं देत हिंडल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. तिथल्या लोकांनी संस्था काढून त्यांच्या शाळेला दहा वर्षं मदत द्यायचं ठरवलं. तिथली सुबत्ता पाहून त्या भारावल्या, पण डोळे दिपले नाहीत. परत आल्यावर अमेरिकेवर मराठीत जे पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या बायकांच्या संस्थांचं भरभरून कौतुक आहे, तसाच काळ्या माणसांना मिळणाऱ्या वागणुकीचाही उल्लेख आहे.

याची किंमत मात्र मनोरमेने मोजली. भाषणांच्या धावपळीत तिला बरोबर ठेवणं जमेना, म्हणून पाच वर्षांच्या त्या पोरीला पुन्हा वाँटेजला सिस्टरांकडे पाठवावं लागलं. दुसऱ्यांच्या लेकींसाठी हिंडताना स्वतःची लेक समुद्रापलीकडे. घराबाहेर थोडंफार काम करणाऱ्या आपल्यासारख्या बायकांनाही हा घोर ठाऊक असतो. रमाबाईंच्या बाबतीत तो कितीतरी मोठा होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडलं, मुख्यतः लहान वयात विधवा झालेल्या मुलींसाठी. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. सदन पुढे पुण्यात आलं. तिथे मुलींना ख्रिस्ती केलं जातं असा वाद पेटला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीही अंग काढून घेतलं. शाळा मात्र चालू राहिली.

मग आला १८९६ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं किड्या-मुंग्यांसारखी मरताहेत अशा बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंचं वय अडतीस. शाळा होती, मान होता, ओळखी होत्या. पुण्यात बसून चार पैसे पाठवले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांना स्वतःचे बोरं गिळण्याचे दिवस आठवले आणि त्या निघाल्या. दुष्काळी कामांवर, अनाथांच्या छावण्यांतून त्या फिरल्या. हाडांचे सापळे झालेली मुलं पाहिली. मूठभर धान्यासाठी कोवळ्या मुलींना पळवून नेणारी माणसं पाहिली. अशा मुली गोळा करून त्या गाड्यांनी पुण्याला आणू लागल्या. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली झाल्या.

तेवढ्यात पुण्यात प्लेग. इतक्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. पुण्यापासून दौंडच्या दिशेला केडगावला रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. मुलींना तिथे नेलं. आधी झापा, तंबू, मग इमारती. तेच मुक्ती सदन. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडच्याही मुली आल्या. १९०० च्या सुमारास तिथल्या माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला होता. अंध मुलींसाठी, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी, म्हाताऱ्यांसाठी वेगवेगळी घरं झाली.

केडगावात नुसतं जेवू घालत नव्हते. लिहिणं-वाचणं तर होतंच, पण प्रत्येक मुलीला हाताचं काम शिकावं लागे. विणकाम, शिवण, शेती, गाई-म्हशी, तेलाचा घाणा, स्वयंपाक, धुणं. छापखाना होता आणि त्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाच होत्या. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं ते इथल्याच बायकांनी छापलं. मला यात त्या दुष्काळातल्या घराचं उत्तर दिसतं. आपले आईवडील विद्वान होते, पण हाताला काम माहीत नव्हतं म्हणून उपाशी मेले. या मुलींच्या बाबतीत तसं होता कामा नये. आणि ज्या दानाने दात्याला पुण्य मिळतं पण घेणारा आहे तिथेच राहतो, त्या दानावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

मनोरमा शिकून आईच्या कामात आली. मायलेकींनी गुलबर्ग्यालाही, म्हणजे आपल्याच जुन्या निजाम राज्यात, मुलींची शाळा काढली. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेला मनोरमाबाई वारल्या, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावात रमाबाईंनी डोळे मिटले. १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन आजही आहे.

पोरगी पुण्याजवळ जागी झाली. चहात बिस्किट बुडवून देता देता मी तिला वेताच्या पेटीतून डोंगर उतरलेल्या मुलीची गोष्ट सांगितली. तिच्या वयाला झेपेल तेवढीच. भाकरी मागायला गेलेल्या रमाची गोष्ट मात्र पूर्ण सांगितली. ती ऐकून तिने इतकंच विचारलं, की कालच्या त्या मुलीला कुणी भाकरी दिली असेल का? मी म्हटलं, मला माहीत नाही. आपण द्यायला हवी होती. मी झडप लावली, ते चुकलं.

मोठ्यांनी लहानांपुढे चूक कबूल केली की त्यांना फार नवल वाटतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

आपण प्रवासात लेकरांची मान दुसरीकडे वळवतो ते मायेपोटीच. त्यांना त्रास होऊ नये म्हणून. पण लेकरांना दिसतंच. आपण झडप ओढली की ती एवढंच शिकतात, की असं दिसलं की झडप ओढायची. आणि एक घास देऊन मोकळं होणं हीसुद्धा दुसरी झडपच, हे रमाबाईंकडून कळतं. घास द्यावाच, भुकेला तो लगेच लागतो. पण त्या मुलीची शाळा का सुटली, हा माझ्या भाचीचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.

पूर्ण्याला परत आल्यावर गटातल्या दोघी-तिघींना घेऊन मी वस्तीवरच्या शाळेत गेले. कामासाठी बाहेर पडलेल्या घरांतली कोणकोणती मुलं पटावर आहेत आणि वर्गात नाहीत, ते गुरुजींना विचारलं. आठ नावं निघाली. त्यातल्या तीन घरांत म्हाताऱ्या आज्या आहेत. पुढच्या दिवाळीआधी या तीन आज्यांशी आणि आईबापांशी बोलायचं, मुलं मागे राहिली तर त्यांच्या रात्रीच्या जेवणाचं आणि अभ्यासाचं आम्ही बघू असं सांगायचं ठरवलं आहे. मग उरलेल्या पाचांचं बघू. भाचीचा फोन आला की ती पहिल्यांदा तेच विचारते, आत्या, किती जणी राहिल्या?